कमानीसमोरचं कांडप

न्हाय न्हाय, ती कमान देवाची न्हवं, हंबीररावाची. कारगिलला गेला त्यो. बसा की पावणं, तुमची मिरची अजून एकदा कांडायची हाय, जयसिंगपूरची गाडी काय पळून जात न्हाय. तर हंबीरराव — आमी दोघं एकाच दिवशी मिलिटरीत भरती झालो, छाती माझी त्याच्यापेक्षा बोटभर जास्त भरल्याली. पर कमान कुणाची? त्याची. हार कुणाला? त्यालाच. आमची मालकीण, अरुणा, पंधरा ऑगस्टला पयला हार तीच घालती, आन मी हितं मशिनीवर ठसकत बसतो. मेलेल्या माणसावर जळतोय मी — लाज वाटती, पर जळतंय ते जळतंय.

मी काय लढाईला गेलो न्हाय व्हय? गेलतो की. सत्त्याऐंशीला, श्रीलंकेत, जाफन्याला. ठावं न्हाय न्हवं? कुणालाच नसतंय. हंबीररावाचा शत्रू आपल्या डोंगरावर येऊन बसल्याला, त्यानं हाकलला, सरळ काम. आमाला धाडलं परमुलकात, शांतता राखाय म्हणून. पयल्यांदा तिथल्या बायकांनी हार घातलं — व्हय, मलाबी एकदा पडलाय हार — आन दोन-अडीच म्हयन्यात त्याच बाया आमाला बघून दारं लावाय लागल्या. त्यांची पोरं बंदुका घेऊन उभी, आन अख्खा गाव पोरांच्या मागं. मग आमी घरोघर झडती घ्याय लागलो. माघारी आलो तर गावात हलगीसुद्धा वाजली न्हाय.

ह्यो डोळा? स्फोटात गेला, छर्रा घुसला — परवा म्हाराष्ट्र दिनाला झेंड्यापाशी सत्कार हाय माझा, बोर्डबी छापलाय, 'स्फोटात डोळा गमावलेला जवान'. एवढी वर्सं वाट बघितली त्या हाराची. माईकवर बोलायचं हाय, आन काय बोलू? छर्रा कसला आलाय, पावणं. मी लाथ घातली एका दाराला. आत एकटी म्हातारी, आमच्या आईगत वाळल्याली, आक्का म्हणायचो आमी आईला. पळाली न्हाय. चुलीजवळनं मूठभर तिखट उचललं आन मारलं तोंडावर. मी चोळत बसलो, डोळा चिघळला, गेला. जोडीदारानं तिच्यावर बंदूक रोखली, ती मी चाचपडतच खाली दाबली. का? आक्कानंबी हेच केलं असतं की, कोण परका बूट घालून तिच्या चुलीपतोर आला असता तर. हंबीररावाचं सोडा, मी खरा जळतो त्या म्हातारीवर. त्याचा डोंगर त्याचा हुता, तिचं दार तिचं हुतं. माझं काय हुतं तिथं?

…असं बघू नका. अरुणालासुद्धा ठावं न्हाय हे. हं, झाली तुमची चटणी. डबा धरा, झाकण दाबून लावा, आन घरला जाईपतोर डोळ्याला हात लावू नका. निघा आता.