पिवळी चौकट

साहेब : बटणाभोवतीची ती चौकट काढून टाक म्हटलं होतं ना? परवा सांगितलं, कालही सांगितलं.

डिझायनर : ऐकलं, साहेब. काढणार नाही.

साहेब : अगं, ग्राहकाच्या डोळ्यांत खुपतेय ती! एवढी जाड, पिवळीधमक!

डिझायनर : आपलं ॲप टीव्हीवर चालतं, तिथं माउस नसतो. रिमोटचे बाण दाबत एकेका बटणावर जायचं. आपण कशावर आहोत, ते ती चौकटच सांगते.

साहेब : माझ्या लॅपटॉपवर तिच्यावाचून झकास चालतं.

डिझायनर : तुमच्या हातात माउस, आणि पडदा नाकासमोर.

साहेब : मला नको शिकवू. आधी फिकट रेघ होती, तेव्हा कोणी तक्रार केली?

डिझायनर : माझ्या बाबांनी नाही केली. अर्धांगवायूनंतर ते डाव्या हातानं रिमोट धरतात. आपल्याच ॲपवर व्यायाम. रोज सकाळी आवरून खुर्चीत बसायचे आणि 'सुरू करा' समजून 'आज नको' दाबायचे. रेघ दिसतच नव्हती. अकरा दिवस!

साहेब : मग?

डिझायनर : ॲपवरची नोंद बघून दवाखान्यातून फोन, 'पेशंट मनावर घेत नाहीत.' मी बाबांना वाट्टेल ते बोलले. त्यांना वाटलं, आपलंच डोकं चालेनासं झालंय. आणि तो पडदा मी केलेला, साहेब. माझ्या हातचा.

साहेब : वाईट झालं गं. पण एका घरासाठी...

डिझायनर : भिंतीवरच्या टीव्हीवर तुम्हाला हवं तसं लावलंय, बिनचौकटीचं. ती खुर्ची दहा फुटांवर आहे. बसा. हा रिमोट, डाव्या हातात.

साहेब : काय पोरखेळ लावलायस!

डिझायनर : व्यायाम सुरू करून दाखवा. जमलं तर आत्ता काढते चौकट. नाही जमलं तर ती राहील. पटत नसेल तर मला काढा.

(साहेब बसतात. बटणांचा टकटक आवाज.)

साहेब : हे खाली... आता उजवीकडे. थांब, दोनदा दाबलं गेलं का? असेल इथंच. हं, दाबलं. हे काय आलं?

डिझायनर : वाचा की.

साहेब : 'ठीक आहे, उद्या भेटू.'

डिझायनर : बाबांना रोज हेच दिसायचं.

साहेब : ...ग्राहकाची माणसं तीनला येतायत ना?

डिझायनर : हो. आणि मी त्यांनाही हेच सांगणार आहे.

साहेब : सांग. ही खुर्ची मात्र इथून हलवू नकोस.