बाबांची एकच आरोळी

कॉकॅटिल, म्हणजे तो तुऱ्याचा छोटा परदेशी पोपट, कसा माणसाळवायचा, हे मला विचारू नका, आमच्या बाबांना विचारा.

साकोलीच्या पाखरं विकणाऱ्या दुकानदारानं मला सांगितलं होतं, "ताई, रंग नका पाहू. पिंजऱ्यात हात घाला अन् जो मागं सरकत नाही तो घ्या." तसाच एक पिवळ्या तुऱ्याचा मी सिहोऱ्याला घरी आणला.

बाबा भडकलेच. "पोपटायनं जलमभर आपलं धान खाल्लं, अन् तू त्याले घरात आनून राहिली?"

"बाबा, हा धानावरचा पोपट नाही."

"चोच तं तशीच आहे."

मी दिवसभर शाळेत शिकवायला. बाबा पिंजऱ्याकडे फिरकतही नाहीत, अशीच माझी समजूत होती.

महिनाभरानं एका रविवारी पिंजरा साफ करताना दार उघडं राहिलं आणि पाखरू थेट समोरच्या कडुनिंबावर जाऊन बसलं. मी शीळ घातली, दाणे दाखवले, पण ते हलेना. तेवढ्यात बाबा अंगणात आले आणि त्यांनी शेतातली पाखरं हाकलतात तशी आरोळी ठोकली, "हाऽऽ हुर्रऽऽ!"

"बाबा, काहून हाकलून राहिले त्याले? उडून जाईन ना तो!"

तो उडालाच, आणि सरळ बाबांच्या खांद्यावर येऊन बसला. बाबांनी बंडीच्या खिशातून धानाचे चार दाणे काढून त्याच्यापुढे धरले.

"हे कवापासून चालू आहे?" मी विचारलं.

बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मले पाखरायशी बोलाले दुसरं काय येते? जलमभर हेच ओरडलो. आयकून जवळ आला, असा हा पयलाच."