कातळवाडीला सायकल जाते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय आबासाहेब, तालुक्याहून वेळात वेळ काढून आलेले वैद्यकीय अधिकारी डॉक्टरसाहेब, ज्यांच्यासाठी व्यासपीठावर खुर्ची ठेवली आहे पण जे अजून वाटेतच आहेत ते पंचायत समितीचे सदस्य, आजच्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका सौ. मरिया यशया उमाप, त्यांचे यजमान यशयाराव, सर्व आशाताई, अंगणवाडीताई, कातळवाडीहून पहाटे निघून सगळ्यांच्या आधी पहिल्या रांगेत येऊन बसलेल्या गोजरबाई, आणि जमलेल्या बंधूभगिनींनो. आपणा सर्वांना नमस्कार, आणि मरियाबाईंना, एकोणतीस वर्षांत आम्हालाही लागलेल्या त्यांच्या सवयीप्रमाणे, सलाम.

मी हनुमंत. आरोग्य सहायक, म्हणजे कागदोपत्री बाईंचा वरिष्ठ. मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. आबासाहेबांनाही पाचच दिली होती, ती चाळीस झाली. तेव्हा माइकवाल्या दादांनी उगाच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसू नये.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंना हसतमुख म्हटलं. अहो, कोणाला सांगता? या बाई गेली अकरा वर्षं मला रागावतायत. त्यांनी सेवा केली, त्याग केला, हेही झालं. पण त्या कोपऱ्यात जी जाड टायरची सायकल हार घालून उभी केली आहे, तिच्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. का काढला नाही? अवघडल्यासारखं वाटतं म्हणून. मी काढणार आहे. डॉक्टरसाहेब, आपण पाणी घेतलंत तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वी डोंगरी भागातल्या सेविकांसाठी गिअरच्या सायकली आल्या. सायकलीसोबत एक तक्ता आला. वाडीचं नाव, घरं किती, आणि शेवटचा रकाना, सायकल जाते का. तक्ता भरून पाठवल्यावर महिन्याभराने पत्र आलं. जिथे सायकल चालवत जाता येते ती वाडी सुगम, ती उपकेंद्राकडेच राहील. जिथे जाता येत नाही ती दुर्गम, तिच्यासाठी फिरतं पथक, दर तीन महिन्यांनी एकदा. आणि खरंखोटं तपासायला वरून साहेब येणार.

आपल्या तक्त्यात कातळवाडीपुढे लिहिलं होतं, जाते.

आता कातळवाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी हसू नका, कारण मग मलाही हसू येतं आणि भाषण राहून जातं. भंडारदऱ्याच्या अंगाला, कड्याच्या पोटाशी एकोणीस घरं. वाट म्हणजे काळा कातळ, आणि त्यात सात पायऱ्या. कोणी घडवलेल्या नव्हेत, कातळच तसा फुटलाय. पहिली वीतभर, सातवी गुडघ्याएवढी. चौथीला बाया टेकणीची पायरी म्हणतात, कारण बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणताना तिथे झोळी टेकवतात. तिथे शेळ्यासुद्धा विचार करून चढतात.

हे पत्र गोजरबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या काय म्हणाल्या ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो. "तीन म्हैन्यांनी पथक? आन् मधीच कळा लागल्या तर ल्येकरू थांबतंय व्हय पथकासाठी?" वाडीत तेव्हा दोन गरोदर बाया होत्या आणि लशीची आठ पोरं होती. बाईंना तिथून काढलं तर त्या दोघींचं काय, हा प्रश्न होता. मी यावर तोडगा सुचवला, कारण तोडगे सुचवणं हेच माझं काम. म्हटलं, "बाई, सायकल खांद्यावर मारून वर नेऊ, गोजरबाईंच्या दारात उभी करू, फोटो काढू, विषय संपला." बाईंनी चष्मा काढला. बाईंनी चष्मा काढला की उपकेंद्रातली मांजर बाहेर जाते. म्हणाल्या, "पत्रात काय लिहिलंय? चालवत. मग फोटोखाली मी चालवत आले असं सही करून लिहू? मी त्यातली नाही. आणि नाही जात म्हणून लिहिलं तर वाडी जाते. मग आता राहिलं काय? शिकायचं."

वय वर्षं छप्पन्न. गुडघ्याचं दुखणं वेगळंच.

वाटेवरचा दगड फोडायची सोय नव्हती, जागा वनखात्याची. आबासाहेब पहार घेऊन निघालेच होते, गार्डाने परत पाठवलं. हो की नाही आबासाहेब? मान हलवतायत. तेव्हा सायकलनेच कातळ चढायचा. शिकवणार कोण? मी. मला स्वतःला सायकल येत नाही, पण मोबाईलवर त्याचे व्हिडिओ असतात. परदेशातली माणसं काहीही कारण नसताना दगडांवर सायकली चढवतात. मी ते पाहून वहीत मुद्दे काढायचो आणि उपकेंद्राच्या अंगणात खुर्ची टाकून मोठ्याने वाचायचो. "वेग मंद ठेवावा. दोन्ही पायडल समपातळीत असावेत. पुढील चाक उचलून अडथळ्यावर स्थिर करावे. तदनंतर शरीराचा भार पुढे स्थलांतरित करावा." या शेवटच्या मुद्द्याला बाई दरवेळी पडत.

सुरुवात एका विटेपासून झाली. मग दोन विटा. मग यशयारावांनी घरातला पाटा आणून दिला, आणि दुसऱ्या दिवशी चटणी कशावर वाटायची यावरून तो परत नेला. साडीत हे जमेना म्हणून बाई यशयारावांची पँट घालून, वर डोक्याला त्यांचंच स्कूटरचं हेल्मेट घालून उतरायच्या. यशयाराव त्या काळात लुंगीवर प्रार्थनेला गेले असं ऐकिवात आहे, ते त्यांनी खरं की खोटं सांगावं. नाही सांगत म्हणतात.

महिन्याभराने बाई उपकेंद्राच्या ओट्यापर्यंत आल्या. ओटा चांगला फूटभर. पेशंट रांगेत बसलेले असायचे आणि बाई म्हणायच्या, "थांबा, एवढा ओटा चढते आणि बघते तुमचा ताप." चढल्या की पेशंट टाळ्या वाजवत. पडल्या की ज्याला ताप तोच उठून त्यांना धरायचा. एक म्हातारबाबा नुसतं बघायला म्हणून रोज खोकला घेऊन येत.

आणि इथेच ते साथीचं प्रकरण झालं. डॉक्टरसाहेब, माफ करा, आता ते सांगावंच लागेल. बाईंचा स्वभाव असा, की जे झालं ते रजिस्टरात लिहायचं. पडल्या की स्वतःच्या जखमेला स्वतः पट्टी करायच्या आणि लिहायच्या. मरिया उमाप, स्त्री, छप्पन्न, पडून मार. दुसऱ्या दिवशी परत. मरिया उमाप, स्त्री, छप्पन्न, पडून मार. महिन्याच्या अहवालात नावं जात नाहीत, स्त्री की पुरुष, वय आणि आकडे जातात. आपल्या उपकेंद्रात दर महिन्याला पडून मार लागलेले दोन असायचे, त्या महिन्यात झाले एकतीस. सगळ्या स्त्रिया, सगळ्या एकाच वयाच्या. तालुक्याला वाटलं, गावात काहीतरी चक्कर येण्याची साथ आली. पथक आलं. विहिरीच्या पाण्याचे नमुने घेतले. छप्पन्न वर्षांच्या बाया शोधत घरोघर फिरले, तेव्हा आपल्या गावात एकीही बाई स्वतःचं वय छप्पन्न सांगेना. शेवटी डॉक्टरसाहेब उपकेंद्रात आले तेव्हा बत्तिसावी केस त्यांच्या समोरच ओट्यावरून खाली आली.

डॉक्टरसाहेबांनी तेव्हा कारवाई केली नाही. वाकून सायकल उचलली आणि विचारलं, "गिअर कितीवर ठेवता?" त्याबद्दल मी आज जाहीरपणे त्यांचे आभार मानतो.

मग तपासणीचा दिवस उजाडला. साहेब आले, हातात टॅब, पायात चकचकीत बूट. नियम सांगितला. कोणी सायकलीला हात लावायचा नाही, आणि पायरी चढताना बाईंचा पाय जमिनीला लागला तर ती पायरी परत. प्रत्येक पायरीला तीन संधी. पाठीवर लशीचा डबा पाहिजे, कारण खरी भेट तशीच असते. मागून आम्ही सगळे पायी. तिसऱ्या पायरीला साहेबांनाच दोघांनी धरून वर घेतलं. त्यांच्यासाठी हात लावू नये असा नियम नव्हता.

बाईंनी सहा पायऱ्या काढल्या. टेकणीच्या पायरीवर थांबल्या नाहीत. मी मागून वहीतले मुद्दे वाचतच होतो, पण माझा श्वास मुद्द्यांना पुरेना. सातवीला पुढचं चाक वर गेलं आणि मागचं तसंच घासून खाली आलं. एक संधी गेली. दुसऱ्यांदाही तेच, वरून कोपर फुटलं. वर कड्यावर अख्खी वाडी उभी. दोघी गरोदर बायाही, पोटाला हात लावून. मी सांगतो, मला त्या वेळी रडू येत होतं, आणि त्याला कारण होतं, ते पुढे सांगतो. मी वहीत बघून ओरडलो, "बाई, शरीराचा भार पुढे स्थलांतरित करा!" तेवढ्यात गोजरबाई वरून ओरडल्या, आणि सभागृहाची क्षमा मागून सांगतो, त्या म्हणाल्या, "ओ बाई, त्याचं काय ऐकू नगा! ढुंगन उचला ढुंगन, आन् बाळंतिनीला सांगता तसं जोर लावा!"

बाईंनी उचललं. मागचं चाक कातळाला थडकलं, टप्पकन वर आलं, आणि बाई थेट गोजरबाईंच्या अंगणात वाळवणावर गेल्या. नाचणी सगळीकडे. साहेबांनी टॅबवर सुगम लिहिलं आणि खाली बसूनच राहिले. त्या साली दोन्ही बाळंतपणं नीट झाली. कातळवाडी आपल्याकडेच राहिली आणि आता ती यादी कायमची झाली आहे.

इथे माझं भाषण संपायला हवं. माइकवाले दादाही तेच म्हणतायत. पण एक गोष्ट राहिली, आणि ती लिहून आणलेल्या कागदावर नाही.

कातळवाडीपुढे "जाते" हे कोणी लिहिलं होतं? दोन वर्षांत कोणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, वरूनच चूक झाली. मंडळी, ते मी लिहिलं. ऑफिसात पंख्याखाली बसून, एका बैठकीत सगळे रकाने भरले. आपल्या भागात अमुक वाडीला सायकल जात नाही असं लिहिलं की पुढे दहा प्रश्न येतात, म्हणून सगळीकडे जाते. आणि मला माहीतच नव्हतं. कातळवाडीला महिन्यातून एकदा पर्यवेक्षण भेट दिली म्हणून मी नऊ वर्षं सही करत होतो, आणि त्या तपासणीच्या दिवसापर्यंत मी ती वाडी पाहिलेली नव्हती. खालच्या झाडाखाली बसून सही करायचो. बाईंना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तक्त्यावरचं अक्षर माझं आहे हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी ते साहेबांना सांगितलं असतं तर चूक माझी ठरली असती, आणि वाडी दुर्गम म्हणून पथकाकडे गेली असती. म्हणून त्या गप्प बसल्या आणि मी खोटं लिहिलेलं खरं करायला बत्तीस वेळा पडल्या. मला शरम वाटते बाई. दोन वर्षं वाटत होती, आज बोललो.

डॉक्टरसाहेब, हे सगळं लिहून, सही करून पाकिटात घातलं आहे. ते आपल्या खुर्चीपाशी ठेवतो. आपण काय करायचं ते करा.

ज्यांनी हा समारंभ घडवून आणला, मांडव घातला, सकाळपासून चुलीपाशी उभं राहून बुंदी पाडली, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, यशयारावांनी पँट दिली, त्यांचेही आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहिला असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर पदरात घ्या. पण मुख्य माफी मला या सभागृहाची नाही, एकोणीस घरांची मागायची आहे, आणि त्यांच्यातर्फे इथे एकट्या गोजरबाई आहेत.

गोजरबाई, बाईंच्या जागी नवीन सेविका अजून आलेली नाही. तोवर काम माझ्याकडे आहे. येत्या बुधवारी लसीकरण आहे, आणि डबा घेऊन मी वर येतोय. मला सायकल येत नाही, मी चालत येणार आणि रजिस्टरात चालत आलो असंच लिहिणार. उशीर होईल. पण पोरांना घेऊन खाली उतरू नका, मी येतोय.