नकटीच्या पेडलवरचा ठोकळा

हॅलो?… हां, लागला एकदाचा. ऐक, काही बोलू नकोस, नुसतं ऐक.

नाही गं, रडत नाहीये, धापा टाकतेय. शेडच्या मागे पळत आलेय, पाण्याच्या टाकीपाशी. इथंच काय ती रेंज आहे.

अगं, नकटीचा कार्यक्रम ना आज… नकटी गं, ती जुनी डिझेलची गाडी. एकच डबा, इंजिन डब्याच्याच पोटात, त्यावर लाकडी पेटी. थंडीत लोक त्या पेटीवर बसायला भांडायचे… हो, तीच. नाक नाही, तोंड सपाट, म्हणून नकटी. आत्यानं आणि फिटरकाकांनी दोन वर्षं रविवार-रविवार खपून उभी केली ती. सीटा सगळ्या आत्यानं शिवल्या, ड्रायव्हरचीसुद्धा.

फिटरकाका… अगं, ते सायकलच्या दुकानवाले. आधी याच गाडीवर फिटर होते ना ते. मग तो अपघात झाला…

सांगते, सांगते. चाळीस वर्षं झाली. नकटी शेवटच्या स्टेशनात शिरली ती थांबलीच नाही. रूळ संपतात तिथल्या लोखंडी खांबावर जाऊन आदळली. ड्रायव्हर कोण? आमचे आजोबा.

छे, मेलं कुणी नाही. एका बाईचा हात मोडला, बाकीच्यांचे दात नि गुडघे. चौकशीत आजोबा म्हणाले, ब्रेक दाबला पण लागलाच नाही. धडकेत ब्रेकचे पुढचे पाइप सगळे फुटलेले, तपासणार काय, कपाळ? आणि सकाळी ब्रेक बघितल्याची सही फिटरकाकांची. गेली त्यांची नोकरी.

आणि आजोबा हीरो. हो ना. ब्रेक लागत नसताना हॉर्न वाजवून वाजवून लोकांना मागच्या बाजूला पळवलं म्हणून. आज त्याचाच तर सत्कार. आणि ढाल द्यायची कुणी, तर फिटरकाकांनी.

नाही, त्यांचा राग नव्हताच कधी. आत्याला म्हणायचे, चूक माझीच असणार. ब्रेकच्या दांडीचा एक नट होता म्हणे. तो त्या सकाळी पान्यानं आवळला की नुसता हातानं फिरवून सोडून दिला, तेच त्यांना आठवत नाही. चाळीस वर्षं आठवतोय तो माणूस. गिऱ्हाईक सायकल घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलं तरी हाक मारून परत बोलावतात, नट बघायला… हसू नकोस. तुलाही बोलावलं असेल.

हो, हो… अगं ऐक ना. बाहेर एक टेबल मांडलं होतं. गाडी साफ करताना जे जे सापडलं ते त्यावर. जुनी तिकिटं, कंगवा, कुणा लहान पोराचा एक बूट… आणि एक लाकडी ठोकळा. खाच पाडलेला, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. ड्रायव्हरच्या सीटखाली सापडला. काकांना वाटलं, गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला लावायची उटी असेल. आत्यानं आपल्या अक्षरात चिठ्ठी लावली, 'उपयोग माहीत नाही'.

आजोबा आले, टेबलापाशी थांबले, ठोकळा उचलला आणि टाकला कोटाच्या खिशात. आपण आपला रुमाल उचलतो ना, अगदी तसा. आत्याला वाटलं, असू दे, आठवण म्हणून घेतला असेल.

मग केबिनमध्ये. आजोबा सीटवर, शेजारी काका उभे, मागे आत्या, दारात मी. काकांनी इंजिन सुरू केलं… काय आवाज गं. आधी खोकली, मग घशात कफ अडकल्यासारखी खरखरली, आणि मग लागली एका तालात. तो डिझेलचा वास. आत्याचे डोळे भरून आले. काकांनी तर नुसता पत्र्यावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

निघाली. चालायच्या वेगानं, शेडपासून फलाटापर्यंत. आत लोकांच्या टाळ्या. आणि आजोबांनी खिशातून ठोकळा काढला, वाकले, पायाखालच्या पेडलवर बसवला. टक्क. आणि पायावर पाय टाकून बसले मागे रेलून.

थांब ना, तेच सांगतेय. ते पेडल ड्रायव्हरनं सारखं दाबून धरायचं असतं. पाय सुटला की ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे ड्रायव्हरला झोप लागली, चक्कर आली, अगदी मेला जरी, तरी गाडी थांबणार… हां. हां. आता पेटली तुझी ट्यूब.

आत्यानं विचारलं, बाबा, हे काय? तर आजोबा काय खुशीत. म्हणाले, दिवसभर दाबून पायात गोळे यायचे गं, सगळेच ठेवायचे असं काहीतरी. जरा डोळा लागला तरी गाडी आपली चालू…

एवढं म्हणाले आणि पायावरचा पाय खाली घेतला. स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकू आलं बहुतेक.

आत्यानं सीटची पाठ दोन्ही हातांनी धरलेली, नखं रुतेपर्यंत. शाळेत असताना सगळ्यांना सांगत हिंडायची ती, मी हॉर्नवाल्या ड्रायव्हरची मुलगी. आणि ज्या माणसाच्या डब्यातलं दोन वर्षं अर्धं अर्धं करून खाल्लं, तो हातभर अंतरावर उभा.

काका? मला वाटलं, आता मारतात. हात उचललाच त्यांनी… पण गेला ब्रेककडे. फलाटाच्या खुणेवर गाडी उभी केली, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. मग अगदी हळू विचारलं, "त्या दिवशी डोळा लागला होता?"

आजोबांनी मान हलवली. हो म्हणून. म्हणाले, खांब दिसला तेव्हा जाग आली, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता.

मग काय केलं असेल काकांनी?… नाही. नाही, शिवीसुद्धा नाही. केबिनच्या जमिनीवर बसकण मारली आणि म्हणाले, "म्हणजे आवळला होता मी."

बस. एवढंच. दोनदा म्हणाले.

अगं, पुढे ऐक तर. काकाच म्हणाले, आता राहू दे, लोक ताटकळलेत, देतो मी ढाल. आजोबा उतरले, जाऊन बसले खुर्चीत. माइक आत्याच्या हातात. भाषण लिहून आणलेलं. 'ब्रेक निकामी झालेला असताना' इथपर्यंत वाचलं तिनं… मग कागदाची घडी घातली, आजोबांपुढे गेली, माइक त्यांच्या हातात दिला. म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगता की मी सांगू?"

माइक चालूच होता गं. अख्ख्या फलाटानं ऐकलं.

हो, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मान्य. मलाही वाटलं, कशाला आता, इतक्या माणसांत… पण मग काका एकोणऐंशी वर्षांचे आहेत, ते कुणी धरायचं?

नाही, अजून बोलले नाहीत. खुर्चीतून उठलेत, माइक धरून उभे आहेत नुसते. कर्ण्यातून श्वास ऐकू येतोय त्यांचा. मला बघवेना, म्हणून तर पळाले… थांब, फोन तिकडे करते… आला ऐकू?

बोल ना. आत्याच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?