काचेतला आचारी

(ताडकळसच्या रस्त्यावरची नवी पत्र्याची खानावळ. उद्या बाजार, उद्याच उघडायची. लिंबाजी चुलीच्या खोलीच्या दारावर पोत्याचा पडदा ठोकतोय. बायको सरजाबाई मसाला निवडतेय. मुलगी सत्यशीला परवाच हाँगकाँगहून आलीय. माती तपासणीचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण संपवून.)

लिंबाजी : थांब थांब. बदक फुगवत्यात म्हन्लीस? फुग्यावानी?

सत्यशीला : हो आबा. मानेपाशी बारीक छेद घ्यायचा आणि कातडी नि मांसाच्या मधे हवा भरायची. कातडी सुटी झाली की चरबी वितळून खाली गळते. वरून कुरकुरीत, आतून मऊ.

सरजाबाई : मेलेल्या बदकाला हवा भरायची! अन् ही म्हनं मातीचं शिकायला गेलती.

सत्यशीला : रविवारी माती बंद असायची, माय.

लिंबाजी : तू गप गं सरजे. हवा भरली. फुडं?

सत्यशीला : वरून उकळतं पाणी ओतायचं. मग साखरेचा पाक नि व्हिनेगर चोपडायचं आणि वाऱ्याला टांगायचं. किती वेळ, ते मी तीनदा विचारलं. दोनदा सहा तास म्हणाले, एकदा आठ.

लिंबाजी : सा काय न् आठ काय, हवा कशी हाय त्याच्यावर आसतंय ते. पन बराबर हाय त्याचं. वल्ली कातडी निखाऱ्यावर उकडती, भाजत न्हाई. लय हुश्शार गडी! अन् भट्टी?

सत्यशीला : उभं लोखंडी पिंप. आकड्याला अडकवून आत सोडतात.

लिंबाजी : म्हंजी आच चारी अंगानं. पलटायची भानगडच न्हाई! सरजे, ऐकायलीस का?

सरजाबाई : ऐकायलेय. पडदा तिरका व्हायलाय तुमचा.

लिंबाजी : खायला कसं लागतंय ते सांग.

सत्यशीला : आधी आवाज येतो. मग गोड लागतं, मग ती पातळ चरबी जिभेवर पसरते. मांसाचे काप गरम भातावर ठेवतात, रस भातात उतरतो. मी शेवटचं शीतसुद्धा सोडलं नाही. ती खानावळ काही मोठी नाही आबा. शहराबाहेर, आगगाडीच्या शेवटच्या ठेसनाजवळ, साध्या वस्तीतली. पण दारात रांग.

लिंबाजी : अन् आचारी? मागं आसंल भट्टीपाशी.

सत्यशीला : भट्टी मागं. आचारी पुढं. रस्त्याकडंच मोठी काच आहे. काचेत बदकं टांगलेली, तांबूस, चकचकीत, आणि त्यांच्यामागं तो, हातात रुंद सुरा घेऊन. माणसं उभी राहून बघतात. मीही बघायची. हाडाच्या सांध्यावर बरोबर घाव घालतो, दुसरा घाव नाही.

लिंबाजी : तितं चालत आसंल तसं.

सरजाबाई : चालत आसंल म्हंजी काय ते सांगा की लेकीला. खानावळ दोघांच्या भागीत, पन बोर्डावर नाव वरच्या जातीच्या बन्सीधरचं. गल्ल्यावर बन्सीधर. अन् ह्यो पडदा कशाला? तर रांधनारा कोन हाय ते दिसू नये.

सत्यशीला : बन्सीधरकाका म्हणाले पडदा लावा म्हणून?

लिंबाजी : न्हाई. जिगरी दोस्त हाय त्यो माजा. म्याच म्हन्लं. त्यो नगं बी म्हन्ला न्हाई.

सत्यशीला : मग काढा ना.

सरजाबाई : काढा म्हनं! अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत घर जाळलं तवा तुला हाताला धरून रानातनं कोन पळालं? मला बी ह्या पोत्याचा राग येतो. पन भ्या बी वाटतंय.

लिंबाजी : बौद्धाच्या हातचं कोन खाईल, पोरी? तुज्या त्या काचंतल्या गड्याला त्याची जात कोन इचारतंय?

सत्यशीला : आबा, पहिल्या रविवारी मी न जेवताच उठणार होते.

लिंबाजी : का?

सत्यशीला : बसले. वाढणाऱ्या बाईनं माझ्यापुढं कप, वाटी, मोठं भांडं आणि गरम चहाची किटली ठेवली. आणि बोटानं खूण केली. धू म्हणून.

सरजाबाई : कप धू?

सत्यशीला : हो.

लिंबाजी : आमच्या वक्ताला हाटेलात आमचा कप भायेर खिडकीत आसायचा. प्यायचा, धुवायचा, पालथा घालून ठिवायचा.

सत्यशीला : तेच आठवलं. म्हटलं, चार हजार किलोमीटर आपण आलो आणि आपली जात आधीच येऊन बसली की काय. उठायला लागले. तर शेजारच्या टेबलावर टाय लावलेला एक साहेब स्वतःचा कप धूत होता. त्याच्यापलीकडं अख्खं घर, आजोबा धरून. चहा ओततात, कप-वाटी विसळतात, मगच जेवायला बसतात. तिथली रीतच आहे.

लिंबाजी : समदेच?

सत्यशीला : सगळेच. आणि जागा कमी, म्हणून अनोळखी माणसं एकाच टेबलाला बसवतात. माझ्यासमोर एक म्हातारी होती. मी नुसतीच बसलेय म्हटल्यावर तिला वाटलं, हिला जमत नाही. तिनं माझी वाटी ओढून घेतली, धुतली आणि माझ्यापुढं ठेवली.

लिंबाजी : तिनं. तुजी.

सत्यशीला : हो.

सरजाबाई : काई न इचारता?

सत्यशीला : मला रडूच आलं. तिला वाटलं, भुकेनं रडतेय. आपल्या ताटातली तंगडी काढून वाढली मला.

सरजाबाई : आगं बया! अन् तू खाल्लीस?

सत्यशीला : हाडासकट.

लिंबाजी : सत्यशीला... तू सायन्सवाली हायस. पडदा न्हाई लावला, तर धूर गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जाईल का गं?

सत्यशीला : मागची खिडकी उघडी ठेवा. चूल तिच्याखालीच आहे, धूर तिकडूनच ओढला जाईल.

लिंबाजी : मंग धर ही शिडी. खिळे उपटतो.

सरजाबाई : अवं, बोर्ड?

लिंबाजी : बोर्ड ऱ्हाऊ दे त्याचा. आज रातीला सांगतो त्याला. हात माजे दिसले तरी बास.

सरजाबाई : अन् बघून कोनी माघारी फिरलं तर?

लिंबाजी : फिरतील चार-दोन. वास जाईल की त्यांच्या मागं मागं.

सरजाबाई : मंग उद्या ही मळकी बंडी घालू नगा. पेटीतला पांढरा सदरा काढते. लोक बघत्याल.