साफ केलेला आवाज

महाराज बाड्याच्या चौकात शेअर टेम्पोची वाट बघताना शरयूने कानातलं गाणं बंद केलं, कारण शेजारच्या म्हाताऱ्या बहीणभावाचं भांडण त्याहून भारी रंगलं होतं!

"शालिनीताई, बघ तर! कंपनीनं आमच्या रॉक बँडची जुनी रेकॉर्ड पुन्हा काढली."

"दौलत, गिटार, ताशा आणि कुकरची शिट्टी एकदम वाजवली की त्याला बँड म्हणत नाहीत."

"प्रयोग होता तो! आता बघ, आवाज कसा एकदम साफ केलाय."

"आईची हाक आहे ना त्यात?"

"कुठली हाक?"

"अरे, घरीच रेकॉर्डिंग केलं होतंत ना? मधेच ती स्वयंपाकघरातून ओरडते, 'दौलत, दूध बघ रे!'"

"ती होय? ती मीच काढायला लावली. लोक हसायचे, यार."

"काढायला लावलीस? आणि जुनी रेकॉर्ड?"

"नवी आली म्हणून कबाडीवाल्याला देऊन टाकली."

"अरे गाढवा! दर दिवाळीला तुझा तो धिंगाणा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत कशाला ऐकत होते?"

"मला वाटायचं, तुला आवडतो."

टेम्पो आला. तिघांपैकी कोणीच चढलं नाही.