गाडलेला पाइप

सुनावणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर वकीलसाहेबांची बायको नवऱ्याची वाट पाहत बसली होती. शेजारी वीज कंपनीच्या कारखान्यालगतच्या वस्तीतले दीर-भावजय बसले होते. ही कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“वहिनी, जिंकलो आपण! वकीलसाहेब प्रदूषण खात्यात आले आणि पहिल्याच पाहणीत चोरी पकडली.”

“भावोजी, मला मात्र कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटतं.”

“तुम्हाला सगळीकडेच मुरतं!”

“पाहणीच्या दिवशी त्यांना वाट कुणी दाखवली?”

“कुणीच नाही. कंपनीचा माणूस पुढच्या टाक्यांकडे नेत होता. साहेब तडक मागच्या कुंपणाशी गेले. म्हणाले, इथं खणा. खणलं तर गाडलेला पाइप, आणि त्यातून काळंकुट्ट पाणी!”

“खात्यात यायच्या आधी ते कुणाचे वकील होते?”

“कंपनीचेच. म्हणून तर सगळ्या खाचाखोचा माहीत.”

“तेच म्हणतेय मी. पाइप तेव्हाही माहीत असणार. आणि ते पाणी आपल्या विहिरीत झिरपत होतं, आपली पोरं तेच पीत होती.”

“माणूस बदलतो, वहिनी.”

“बदलू दे की. पण आधी माहीत होतं का, एवढं मी तोंडावर विचारणार.”

“हळू बोला, त्या बाई ऐकताहेत.”

“ऐकू देत. अहो ताई, किती घामाघूम झालात! घ्या, पाणी घ्या. विहिरीचंच आहे, दुसरं आणणार कुठून?”

“नको, मी घरून आणलंय.”

“एवढं ओझं कशाला वाहायचं?”

“आमच्या ह्यांनी बजावलंय,” तिच्या तोंडून निघून गेलं. “इकडे कारखान्याच्या भागात यायचं तर पाणी घरचंच.”

वहिनींनी पुढे केलेली बाटली मागे घेतली.

“कधीपासून?”